आईची खोली सापडत नाही

"हे वापरतं तरी कोण?"

प्रश्न बेबीला नवा नव्हता. दादानं तो पेपरमधून डोकं वर न काढता विचारला होता. वहिनीनं निरनिराळ्या चाली लावून विचारला होता. बेबी ज्या कॉलेजात संगणकांची लॅब सांभाळायची, तिथल्या नव्या विभागप्रमुखानं हसत हसत विचारला होता. या सगळ्यांना ती "असेल कोणीतरी" असं म्हणून वाटेला लावायची. पण या वेळी प्रश्न सासूबाईंनी विचारला होता. लेखी, चारचौघांत, आणि वर उत्तराला मुदत घालून.

बेबीचं लग्न झालेलं नव्हतं. का नाही झालं, याची कारणं तिच्यापेक्षा नातेवाइकांना जास्त ठाऊक होती. शेंडेफळ म्हणून पाळण्यात पडलेलं 'बेबी' हे नाव पन्नाशी उलटली, केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी तिला चिकटून होतं. अशा बिनलग्नाच्या बाईला सासू आली कुठून? ती आईनं शोधून दिली होती.

आईनं जन्मभर घरी बसून लोकांचे कपडे शिवले. शेवटची काही वर्षं मात्र ती अंथरुणाला खिळली. कॉलेज सुटलं की बेबी आईच्या खोलीत येऊन बसायची. खोलीत मेज नव्हतं, आईची शिलाई मशीन होती. मशीनचं डोकं पोटात मुडपून वरून फळी ओढली की संगणक ठेवण्यापुरती जागा व्हायची. बेबीची बोटं वर चालायची आणि नकळत पाय खाली पायडलवर. पट्टा कधीच काढून टाकलेला होता, त्यामुळे खालचं चाक आपलं उगाच फिरत राहायचं.

"काय शिवतेस गं एवढं?" आईनं पलंगावरून एकदा विचारलं.

बेबीनं सांगितलं, आईला कळेल असं. "गणितांचं एक मोठं गाठोडं आहे. पाणी जमिनीत किती मुरेल, पूल किती वाकेल, असली अवघड गणितं करायची सगळी तयारी त्यात आहे. शास्त्रज्ञ लोक वापरतात. कुणीही फुकट घ्यावं. पण ज्यांनी ते लिहिलं त्यांनी नेहमीच्या दोन-तीन तऱ्हांच्या संगणकांवरच तपासलंय. आमच्या संगणकाची सिस्टिम निराळी. तिच्या अंगाला ते बसत नाही. कुठे बाही आखूड, कुठे गळा तंग."

"मग तू आल्टर करतेस."

"हो. ठिगळं लावते. मग नीट घडी घालून पिशवीत भरून ठेवते. आमची सिस्टिम असणाऱ्यानं नुसती पिशवी उचलायची, बाकी काही करायला नको."

"आणि त्यांनी नवा कपडा काढला की?"

"पुन्हा ठिगळं."

आईनं पडल्या पडल्या तोडगा काढला. "अगं, मग त्या विणणाऱ्यालाच सांग की. म्हणावं, बाबा रे, तुझं इथे विरतंय, दोन धागे जास्त घाल. जिथं विणतात तिथंच नीट झालं तर ठिगळ हवंच कशाला?"

बेबीच्या कामाचा हाच तर अर्धा भाग होता, आणि तो इतक्या थोडक्यात तिला कुणी सांगितला नव्हता. ठिगळ आपल्यापाशी जपून ठेवायचं नसतं. संगणकवाल्यांच्या भाषेत त्याला पॅच म्हणतात. तो मूळ प्रकल्पाकडे वर पाठवायचा. त्यांनी तो पोटात घेतला की आपल्याकडचा काढून टाकायचा. पिशवी, म्हणजे पॅकेज, बांधणारी जितकी चांगली, तितकी तिच्याकडची ठिगळं कमी.

पण वर घेणं न घेणं ज्यांच्या हातात, त्या प्रकल्पाच्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला होत्या. माणूस म्हणायचं, कारण बाई की बुवा हेही कळायला मार्ग नव्हता. नावाच्या जागी तीन अक्षरं आणि चेहऱ्याच्या जागी एक लांब कानांचा कुत्रा. पाठवलेल्या प्रत्येक ठिगळात खोट ठरलेली. ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली आहे. एका वेळी एकच बदल पाठवावा. काय केलं ते दिसतं आहे, का केलं ते लिहा. हे मागच्या वेळीच का नाही सांगितलं? बेबी ते इंग्रजी वाचून आईला मराठीत ऐकवायची.

"ही तुझी सासूच आहे गं," आई म्हणाली.

झालं, नाव पडलं. मग रोज दुपारी बेबी फळीवर संगणक ठेवतेय न ठेवतेय तोच पलंगावरून चौकशी यायची, "आज काय म्हणाल्या सासूबाई?" एकदा वहिनी औषधाची वाटी घेऊन दारात आली ती नेमकी त्याच वेळी.

"कुणाच्या सासूबाई?"

"हिच्या," आई अगदी शांतपणे म्हणाली. "फार खाष्ट आहे. पण मनानं वाईट नसावी."

संध्याकाळी दादानं दोनदा घसा खाकरला. "बेबी, आम्हाला काही सांगायचं आहे का तुला? म्हणजे आमची काही हरकत नाही. या वयात काय..." आई आतल्या खोलीत इतकी हसली की तिला ठसका लागला.

ही निराळी सिस्टिम कॉलेजात आणली होती एका जुन्या प्राध्यापकांनी. ते निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले, त्यांचे संगणक भंगारात गेले, आणि कॉलेजात तिचं नाव घेणारं कोणी उरलं नाही. बेबीनं मात्र सोडलं नाही. आधी कारण होतं की हे काम मधेच ठेवता यायचं. आईची कूस बदलायची, पाणी पाजायचं, पुन्हा त्याच ओळीवर येऊन बसायचं. नंतर नंतर कारणाचीही गरज राहिली नाही. आणि एक गोष्ट तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती. तिनं लिहिलेली ओळन् ओळ वाचणारं जगात एकच माणूस होतं. ते चुका काढायला वाचत होतं हे खरं. पण वाचत होतं.

आई गेली. खोली तशीच राहिली. बेबी दुपारी तिथंच बसत राहिली, फक्त चौकशी करणारं कोणी नव्हतं. सासूबाईंचे टोमणे ती आता मनातल्या मनात वाचायची आणि मराठी करण्याच्या भानगडीत पडायची नाही.

वर्ष होत आलं तेव्हा वहिनी दाराशी येऊन उभी राहिली. "बेबीताई, खोली मोकळी करायला हवी हो. ही दोघं येतायत राहायला." ही दोघं म्हणजे दादाचा मुलगा आणि त्याची बायको, ज्यांची बदली याच शहरात झाली होती. "नव्या सुनेला काय हॉलमध्ये झोपवायचं?"

"छे, हॉलमध्ये कशाला."

"आणि ही मशीन कुणाला तरी देऊन टाकू. आता कोण शिवणार घरात?"

"मी बसते तिच्यावर."

"मशीनवर?"

"मशीनपाशी."

वहिनी वाईट नव्हती. वर्षभर तिनंही खोलीबद्दल तोंडातून शब्द काढला नव्हता. शेवटी असं ठरलं की मशीन आणि संगणक दोन्ही पॅसेजमध्ये जातील, स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या मधे, जिथून जाताना प्रत्येकाला अंग चोरावं लागेल.

नेमकी त्याच आठवड्यात गणिताच्या गाठोड्याची नवी आवृत्ती आली. आता पॅकेज बांधण्याची एक रीत असते. ते आपल्या रोजच्या संगणकावर उघड्यावर बांधायचं नाही. संगणकाच्या आत एक कोरी जागा आखायची, तिथं मोजकंच सामान ठेवायचं, आणि तिथं बांधायचं. म्हणजे आपल्या घरातलं काही चुकून त्यात शिवलं जात नाही. हे ऐकून आई म्हणाली होती, "कळलं. दुसऱ्याच्या घरी जाऊन शिवायचं, आपली कात्री न नेता. मग समजतं खरंच शिवता येतं की नाही." बेबीनं ही रीत कधी मोडली नव्हती. पण कोऱ्या जागेत बांधायला वेळ लागतो, आणि कपाट रिकामं व्हायचं होतं, वहिनी खोकी घेऊन दारात उभी होती, आईच्या लुगड्यांच्या घड्या अर्ध्या पलंगावर होत्या. तिनं तसंच बांधलं. स्वतःच्या संगणकावर चालवून पाहिलं. चाललं. पाठवून दिलं.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाईंचा तो प्रश्न आला.

प्रकल्पाचा पसारा वाढला आहे, असं सुरुवातीला लिहिलं होतं. ज्या सिस्टिम कोणी वापरत नाही, त्यांच्यासाठी घातलेला भाग पुढच्या आवृत्तीतून काढण्यात येईल. खाली यादी होती, आणि यादीत बेबीची सिस्टिम. समोर शेरा: 'एकच व्यक्ती सांभाळते. ती सोडून कोणी वापरतं का? पुरावा असल्यास महिनाअखेरपर्यंत द्यावा.'

म्हणजे इतक्या वर्षांत एकेक करून वर पाठवलेलं, बोलणी खाऊन गळी उतरवलेलं सगळं उसवलं जाणार होतं. टाका न् टाका. आणि पुन्हा घाला म्हणायला तोंड राहणार नव्हतं.

पॅसेजमध्ये बसून बेबीनं पुरावा शोधायला घेतला. पिशव्या किती वेळा उचलल्या गेल्या याचा आकडा होता, पण आपोआप फेरी मारणारी यंत्रंही पिशव्या उचलतात. असल्या आकड्याला भुलतील त्या सासूबाई कसल्या. मग तिनं त्या सिस्टिमवाल्या मंडळींच्या सामायिक ईमेल पत्त्यावर लिहिलं, कोणी वापरत असाल तर कृपया कळवा. एकच उत्तर आलं: 'मी वापरत नाही, पण शुभेच्छा.' जुन्या प्राध्यापकांना लिहिलं. त्यांच्या मुलीनं कळवलं की बाबा आता संगणक बघत नाहीत, कधी कधी तिलाही ओळखत नाहीत.

कॉलेजातून येताना बेबीच्या मनात एकच हिशेब चालायचा. बिनबोभाट चालतं तेव्हा कोण लिहितं? आईचंही तसंच होतं. ब्लाउज नीट बसला की बाई वर्षभर फिरकायची नाही. काखेत जरा काचला की दुसऱ्या दिवशी दारात हजर. म्हणजे कोणी लिहीत नाही याचा अर्थ काम चोख आहे, असा होऊ शकत होता. किंवा पलीकडे कोणीच नाही, असाही. दोन्हींचा आवाज सारखाच.

महिना सरत आला. एका सकाळी ती कॉलेजला निघायच्या आधी फळीवर संगणक उघडून उभ्याउभ्याच बघत होती. मागून वहिनी बादली घेऊन गेली, पुढून दादा टॉवेल घेऊन. आणि पॅकेजच्या तक्रारींच्या पानावर, जिथं वर्षानुवर्षं माशी बसली नव्हती, तिथं एक तक्रार आली होती.

'नमस्कार. तुमची नवी आवृत्ती टाकली. तेव्हापासून आमचा प्रोग्रॅम सुरू होत नाही. aichi-kholi सापडत नाही, असं सांगतो. आमच्या संगणकावर या नावाची जागा नाही. ती कुठे बनवायची? आत काय ठेवायचं?'

बेबी स्टुलावर बसली.

तिच्या संगणकावर हे सगळं काम ज्या फोल्डरमध्ये असायचं, त्याला कधीतरी नाव द्यायचं होतं. तेव्हा समोर जे दिसत होतं ते तिनं देऊन टाकलं होतं. घाईत उघड्यावर बांधलं आणि ते नाव आत शिवलं गेलं. तिच्या स्वतःच्या संगणकावर कसं अडणार? तिथं आईची खोली होतीच. बाकी सगळीकडे प्रोग्रॅम ती शोधत फिरत होता.

खाली आणखी लिहिलं होतं. 'आम्ही एका तलावाच्या पाण्याची पातळी मोजतो. इथे आम्ही दोघंच असतो. संगणक जुना आहे, त्यावर हीच सिस्टिम चालते. इतकी वर्षं तुमचं पॅकेज वापरतो आहोत. कधी काही अडलं नाही, म्हणून कधी लिहिलं नाही.'

समोर खोलीचं दार उघडं होतं. पलंगाचे स्क्रू काढून त्याच्या बाजू भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. आत काय ठेवायचं, असं तक्रार लिहिणारा विचारत होता.

"काय झालं?" वहिनी परत येताना थबकली. "चेहरा का असा?"

"चूक झाली माझ्याकडून."

"मोठी?"

"लाजिरवाणी. शिकाऊ माणूस करतो तशी."

"मग गुपचूप दुरुस्त करा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाकली तर सगळंच जाईल वहिनी. कोणी वापरतं याचा पुरावा मागितलाय, आणि पुरावा म्हणून ही चूकच आहे तेवढी."

वहिनीला त्यातलं काही कळलं नाही, पण लाज आणि पुरावा हे दोन शब्द पुरेसे होते. "कुणाला दाखवायची?"

बेबीच्या तोंडून निघून गेलं, "सासूबाईंना."

वहिनीनं तिच्याकडे बघितलं. हे नाव घरात वर्षभर कोणी उच्चारलं नव्हतं. मग तिनं ओले हात पदराला पुसले. "बोलतील?"

"फाडून खातील."

"बोलणार नाहीत तर त्या सासूबाई कसल्या," असं म्हणून वहिनी अंग चोरून पुढे गेली.

बेबीनं उत्तर लिहिलं. तक्रार जशीच्या तशी खाली जोडली. वर दोन ओळी: 'वापरणारे आहेत. खालील तक्रार पाहावी. चूक सर्वस्वी माझी, कोऱ्या जागेत न बांधता पाठवलं.' हात दाखवून अवलक्षण ते हेच. तिनं ते पाठवलं आणि बस गाठायला निघाली. दिवसभर लॅबमध्ये मुलांच्या संगणकांवर वाकून ती काहीबाही करत होती आणि काय करत होती ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

घरी आली तर उत्तर येऊन पडलं होतं.

'इतक्या वर्षांनी तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. कोऱ्या जागेत बांधणं ही पहिली पायरी आहे. आधी तलाववाल्यांचं काम सुरू करून द्या, मग बाकीचं. वापरणारे आहेत हे दिसलं. भाग राहील. सांभाळणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव लावलं आहे.' आणि सर्वांत खाली, एक ओळ सोडून: 'aichi-kholi म्हणजे काय?'

बेबीनं हा प्रश्न पुन्हा वाचला. सासूबाईंनी आजवर कामाबाहेरचं काही विचारलं नव्हतं. ती लिहायला लागली. की ती माझ्या आईची खोली. आई कपडे शिवायची. तुमची पत्रं मी तिला वाचून दाखवायची, आणि तिनंच तुम्हाला एक नाव ठेवलं होतं, ते सांगितलं तर तुम्हाला राग येईल किंवा येणारही नाही. पडद्यावर बरंच लिहून झालं. शेजारी बाथरूमचा नळ ठिबकत होता. एका वेळी एकच बदल पाठवावा. तिनं सगळं खोडलं आणि लिहिलं, 'माझ्या संगणकावरची एक जागा. पॅकेजमधून काढते आहे.'

लगेच उत्तर आलं. नुसता अंगठा.

मग तिनं कोरी जागा आखली. मोजकं सामान ठेवलं, आणि बांधायला घातलं. जुन्या संगणकाला त्यासाठी दुपार पुरणार नव्हती. ओळी वर सरकत होत्या. दादा आणि शेजारचा सुतार नवा पलंग उचलून आणत होते, तो पॅसेजच्या वळणावर अडकला.

"बेबी, पाय आत घे."

तिनं पाय पायडलवरून उचलून स्टुलावर घेतले. पलंग तिच्या डोक्यावरून तिरपा होत खोलीत गेला. आत वहिनी पडद्याच्या मापाबद्दल काहीतरी सांगत होती. रिकाम्या खोलीत तिचा आवाज मोठा वाटत होता, दुसऱ्याच बाईचा असल्यासारखा.

संध्याकाळी बांधून झालं. पाठवण्याआधी खात्री करायची होती. पूर्ण पॅकेजमध्ये एखादा शब्द शोधायचा तर एक साधी आज्ञा आहे. शब्द सापडला तर ती ओळ दाखवते, सापडला नाही तर काहीच बोलत नाही. बेबीनं ते नाव अक्षर अक्षर नीट टाइप केलं आणि बटण दाबलं.

खाली रिकामी ओळ आली.

बरोबर होतं. सापडायला नकोच होतं. तलावावरच्या त्या दोघांचं काम उद्यापासून चालेल, आणि चाललं म्हणजे ते पुन्हा लिहिणार नाहीत.

"झालं का बेबीताई?" आतून वहिनी म्हणाली. "जरा येऊन बघा, पडदा कसा वाटतोय."

"आले. एवढं बघून."

तिनं तेच नाव पुन्हा एकदा टाइप केलं, या वेळी सावकाश, आणि पुन्हा शोधलं. मग पॅकेज पाठवलं आणि पडदा बघायला गेली.